चार कॉर्ड्स, एक गाणं: स्वतःचं पहिलं मराठी गाणं रचताना

गिटार शिकायला लागून काही महिने झाले, दोनचार गाणी हातात बसली, की स्वतःचं काहीतरी करावंसं वाटू लागतं. चार कॉर्ड्स (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे काही स्वर) वाजवल्या जातात, छान वाटतात आणि तिथेच प्रश्न पडतो: आता पुढची कुठली? मग पाचवी शोधायची, सहावी शोधायची, कुठून तरी एखादी अवघड डिमिनिश्ड कॉर्ड आणून मध्ये घुसवायची. आठवडाभराने कॉर्ड्सची लांबलचक माळ तयार होते, गाणं मात्र नसतं.

या लेखात पाचवी कॉर्ड येणार नाही. चारच घ्यायच्या आणि त्याच क्रमाने शेवटपर्यंत फिरवत राहायच्या. बदल करायचा तो चालीत, शब्दांच्या दाटीत आणि वाजवण्याच्या जोरात. हे नवशिक्यांना दिलेलं सोपं काम आहे असं समजू नका. जर्मन संगीतकार योहान पाखेलबेल (1653–1706) याच्या डी मेजरमधल्या प्रसिद्ध ‘कॅनन’ या रचनेत खालचा बास (सगळ्यांत खालच्या स्वरांची ओळ) अवघ्या आठ स्वरांचा आहे. तो 28 वेळा जसाच्या तसा येतो आणि सगळी करामत वरच्या तीन व्हायोलिनची आहे. आपल्याकडे तबला सोलोला हार्मोनियमवर नगमा (तालाचं आवर्तन दाखवणारी छोटी धून) धरतात, तोही एकच, तासभर. नगम्याचा कंटाळा आला म्हणून कोणी मैफलीतून उठून जात नाही.

1. कॉर्ड्स निवडा आणि बोटांत बसवा

जी, डी, ई मायनर, सी. या क्रमाने. सी, जी, ए मायनर, एफ हेच प्रकरण दुसऱ्या पट्टीत आहे, पण त्यात एफ येते आणि नव्या बोटांना एफचा बार (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबणं) म्हणजे शिक्षाच. म्हणून जीची पट्टी.

त्यातही एक सोय आहे. करंगळी पहिल्या (सगळ्यांत बारीक) तारेवर आणि अनामिका दुसऱ्या तारेवर, दोन्ही तिसऱ्या फ्रेटवर ठेवा आणि हलवूच नका. जीसाठी मधलं बोट सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर आणि तर्जनी पाचव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर. सीसाठी ही दोन बोटं तशीच एकेक तार खाली सरकवा: मधलं पाचवीवर, तर्जनी चौथीवर. ई मायनरसाठी पाचवी आणि चौथी तार, दोन्ही दुसऱ्या फ्रेटवर. डीसाठी तर्जनी तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, वरच्या दोन जाड तारा वाजवायच्या नाहीत. काटेकोरपणे पाहिलं तर यातल्या तीन कॉर्ड्स शुद्ध राहत नाहीत, प्रत्येकीत एखादा पाहुणा स्वर येतो. येऊ द्या. सलग वाजताना तोच दोन स्वर वर टिकून राहिल्याचा गोडवा देतो, आणि कॉर्ड बदलताना हात अडखळला की गाण्याऐवजी हाताकडे लक्ष जातं, ती कटकट संपते.

हार्मोनियम किंवा कीबोर्ड असेल तर सरगममध्ये धरा, कोणत्याही पट्टीत चालेल: सा-ग-प, प-नी-रे, ध-सा-ग, म-ध-सा. सगळे शुद्ध स्वर. हे कागदावर लिहून समोर चिकटवा, पुढे लागणार आहे.

क्रम तोच ठेवून सुरुवात दुसरीकडून केली तर रंग बदलतो. ई मायनरपासून निघालात (ई मायनर, सी, जी, डी) तर गाणं उदास होतं. वर्तुळ तेच, दार वेगळं. जी, ई मायनर, सी, डी हा क्रम घेतलात तर 1950च्या दशकातल्या अमेरिकन पॉपची झाक येते. तीनही करून पाहा आणि एकावर थांबा. निवडण्यात अर्धा तासापेक्षा जास्त घालवू नका, कारण गाणं चांगलं की वाईट हे इथे ठरत नाही.

2. फेरा मोजा

एका कॉर्डला केहरवा या तालाचं एक आवर्तन, म्हणजे आठ मात्रा. चार कॉर्ड्स, 32 मात्रा, एक फेरा. मेट्रोनोम (लय धरणारं टिकटिक यंत्र किंवा ॲप) मिनिटाला 80 टिकांवर लावलात आणि दर टिकेला दोन मात्रा धरल्या तर एक कॉर्ड बरोबर तीन सेकंद चालते आणि फेरा 12 सेकंदांचा होतो. तीन मिनिटांच्या गाण्यात असे 15 फेरे बसतात. हा आकडा लक्षात ठेवा. गाण्याचा आराखडा पुढे यावरच मांडायचा आहे.

स्ट्रमिंगसाठी (सगळ्या तारांवरून हात खाली-वर फिरवण्यासाठी) सगळ्यांत रुळलेला नमुना घ्या: डाऊन, डाऊन-अप, अप-डाऊन-अप. मात्रांत सांगायचं तर पहिलीला डाऊन, तिसरी-चौथीला डाऊन-अप, मग सहावी, सातवी, आठवी. पाचव्या मात्रेला हात खाली जातो पण तारेला लागत नाही. केहरव्याची ‘खाली’ही (टाळी न देता हात मोकळा सोडण्याची जागा) पाचव्याच मात्रेवर असते. त्यामुळे हा परदेशी नमुना तबल्याच्या ॲपवर लावलेल्या केहरव्याबरोबर बिनतक्रार जमतो. एकदा तसं वाजवून बघा.

जमलं की फोनवर सलग पाच मिनिटं फेरा रेकॉर्ड करा. मध्ये थांबायचं नाही, सजावट करायची नाही. पुढचं सगळं काम या रेकॉर्डिंगवर होईल, गिटार बाजूला ठेवून. हात रिकामे असले की गळा जास्त धाडस करतो.

3. आधी गुणगुणा, शब्द नंतर

सिनेसंगीतात बहुतेक वेळा उलटा रस्ता होता: संगीतकार पेटीवर चाल बांधायचा आणि कॉर्ड्स, कौंटर मेलडी (मुख्य चालीबरोबर चालणारी दुसरी चाल) वगैरे नंतर अरेंजर, म्हणजे वाद्यमेळ रचणारे, लिहायचे. त्यात मोठा वाटा गोव्याच्या वादकांचा, चर्चच्या वातावरणात पाश्चात्त्य नोटेशन शिकून मुंबईत आलेल्यांचा. शंकर-जयकिशन यांच्याकडचे सेबॅस्टियन डिसोझा हे त्यातलं मोठं नाव. आपण मात्र आधी कॉर्ड्स फिरवून त्यांच्यावर चाल शोधतो आहोत. यात धोका असा की चाल आपोआप कॉर्डच्या मुळाशी चिकटते: जी आली की गळा सा धरतो, डी आली की प, आणि ऐकणाऱ्याला वाटतं गायक गिटारच्या मागे मागे फरफटतोय.

यावर उपाय म्हणजे भूप रागाचे पाच स्वर. सा, रे, ग, प, ध. पहिल्या दिवशी एवढेच वापरा. म आणि नी टाळले की या चारही कॉर्ड्सवर सहसा काही खटकत नाही, त्यामुळे कॉर्ड कुठली चालली आहे याचा विचार न करता मोकळं गुणगुणता येतं. (भूपाच्या जाणकारांनी रागावू नये. खाली कॉर्ड्समध्ये म आणि नी वाजतच असतात, त्यामुळे राग भूप राहत नाही. आपण फक्त स्वर उसने घेतोय.)

आता चिकटवलेला कागद बघा. सा हा स्वर पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या कॉर्डमध्ये आहे, दुसरीत नाही. म्हणजे तिसऱ्या कॉर्डला सा धरला आणि चौथी येईपर्यंत सोडला नाही, तर गळा हलत नाही पण खालची जमीन बदलते आणि तोच स्वर उजळतो. उलट दुसऱ्या कॉर्डवर सा लांबवलात तर तो अधांतरी राहतो. कधी तेच हवं असतं. प्रश्न टाकणारी ओळ असेल तर तिथेच थांबा. कुठला स्वर कुठल्या कॉर्डवर लांबवायचा, या एका निर्णयात निम्मी चाल आहे.

गुणगुणताना तोंडात काहीही शब्द येऊ द्या. ला ला, भाजीची यादी, बसस्टॉपांची नावं, काहीही. यांना डमी शब्द म्हणतात आणि व्यावसायिक संगीतकारही ते वापरतात. पाच मिनिटं गुणगुणून दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करा, चहा घेऊन या, मग ऐका. जी ओळ रेकॉर्डिंग न ऐकताच आठवत होती ती मुखड्याची. बाकीच्यांचा मोह सोडा.

4. मुखडा: मात्रा मोजून, पण जागा सोडून

शाळेत मात्रावृत्त शिकवलं तेव्हा कंटाळा आला असेल, पण इथे ते फार उपयोगी पडतं. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन, जोडाक्षराने आधीच्या अक्षरावर जोर आला तर त्याच्याही दोन. पादाकुलक या वृत्तात ओळीला 16 मात्रा असतात, आठ-आठच्या दोन भागांत. आपल्या कॉर्डलाही आठच मात्रा आहेत. ही सोय आयती मिळालेली आहे, वापरा.

उदाहरणासाठी एक गाणं इथेच बांधू. विषय असा: बऱ्याच दिवसांनी कोणीतरी जुन्या घरी येतं, घर बंद आहे.

किल्ली कुंडीखाली आहे
दार कुणीही उघडत नाही

पहिल्या ओळीत सगळी अक्षरं दोन-दोन मात्रांची: किल्ली चार, कुंडी चार, खाली चार, आहे चार. दुसरीत दार तीन, कुणीही पाच, उघडत चार, नाही चार. दोन्ही ओळी 16च्या. चार कॉर्ड्समध्ये, म्हणजे एका फेऱ्यात, हा मुखडा ठोकळ्यासारखा बसतो.

आणि म्हणूनच तसा बसवायचा नाही. 32 मात्रांत 32 मात्रांचे शब्द भरले तर श्वास कुठे घ्यायचा? मुखडा दोन फेऱ्यांवर पसरा. जीवर ‘किल्ली कुंडी’, डीवर ‘खाली’ आणि ‘ली’ लांबवलेली, ई मायनरवर ‘आहे’, सीवर काहीच नाही, नुसती गिटार. दुसऱ्या फेऱ्यात जीवर ‘दार कुणीही’, डीवर ‘उघडत’, ई मायनरवर ‘नाही’, आणि पुन्हा सी रिकामी. ‘नाही’मधला ‘ना’ गवर, ‘ही’ सावर घेऊन तो सा थेट सीमध्ये ओढा: वर सांगितलेली जमीन बदलण्याची गंमत इथे होते. ‘उघडत’मध्ये चार ऱ्हस्व अक्षरं आहेत, ती भरभर जाऊ द्या. त्यांना ओढलं की ‘ऊघाडात’ असं काहीतरी ऐकू येईल. मराठीत ऱ्हस्व अक्षर लांब स्वरावर टांगलं की शब्दच बदलल्यासारखा वाटतो, नवीन गाण्यांत हा दोष फार दिसतो. चाल तशीच ठेवायची असेल तर शब्द बदला, तिथे दीर्घ अक्षर आणा.

पहिला शब्द समेवरच (पहिल्या मात्रेवरच) आला पाहिजे असंही नाही. ‘किल्ली’ आधीच्या फेऱ्यातल्या सीच्या शेवटच्या चार मात्रांत उचला आणि ‘कुंडी’ जीच्या पहिल्या मात्रेवर टाका. शब्द तेच, कॉर्ड्स त्याच, पण आता ओळ बोलल्यासारखी वाटते. मला स्वतःला ही उचल जास्त आवडते. दोन्ही रेकॉर्ड करून तुम्ही ठरवा.

5. अंतरा: त्याच कॉर्ड्स, दुसरं वजन

इथे नव्वद टक्के लोकांना वाटतं की आता तरी कॉर्ड्स बदलायला हव्यात. थांबा. मुखड्यात शब्द विरळ होते आणि स्वर लांब होते, तर अंतऱ्यात शब्द दाट करा आणि स्वर आखूड ठेवा. मुखडा पपासून वर गेला असेल तर अंतरा सा, रे, गच्या आसपास खाली फिरू द्या. स्ट्रमिंग सोडून तळहाताची कड तारांवर टेकवून वाजवा. एवढं केलं की ऐकणाऱ्याला कॉर्ड्स त्याच आहेत हे बहुधा लक्षातही येत नाही.

शब्दांकडे येऊ. पहिला कच्चा अंतरा साधारण असा सुचतो:

तुळस वाळली, बिलं साचली
दारापाशी धूळ नाचली

मात्रा चोख आहेत. पण वाळली, साचली, नाचली हे क्रियापदाच्या शेपटीचं यमक. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, म्हणून -ली, -ले, -तो, -ते अशी यमकं हवी तितकी फुकट मिळतात आणि ऐकणाऱ्याला पुढचा शब्द आधीच कळतो. शिवाय धूळ नाचली कशासाठी? यमकासाठी. बंद घरासमोर धूळ नाचत नाही, ती बसते.

मग काय करायचं? वाक्याची रचना थोडी फिरवून नाम शेवटी आणायचं:

खिडकीमधून दिसतं घड्याळ
त्याच्यापुरती अजून सकाळ

घड्याळ-सकाळ. पुन्हा 16-16, आणि बंद पडलेलं घड्याळ न सांगता कळतं. हा अंतरा मुखड्यासारखा पसरायचा नाही. ‘खिडकीमधून’ जीवर, ‘दिसतं घड्याळ’ डीवर, ‘त्याच्यापुरती’ ई मायनरवर, ‘अजून सकाळ’ सीवर. दोन ओळी एकाच फेऱ्यात, मध्ये जागा न सोडता. त्यानंतर मुखडा आला की हवा आत शिरल्यासारखं वाटेल. दमायला झालं तर ओळीतला एखादा शब्द काढून टाका. 16च्या जागी 14 मात्रा झाल्या म्हणून कोणी दंड करत नाही.

‘खिडकीमधुनी दिसते’ असं लिहिण्याचा मोह होईल. मोजून बघा: ‘खिडकीमधुनी’च्या आठ मात्रा आणि ‘खिडकीमधून’च्याही आठच. त्यामुळे वृत्तासाठी केलं, ही सबब चालणार नाही. तव, मम, सखे, प्रिये, अंतरी, लोचनी ही मंडळी जुन्या भावगीतांत शोभली. तुम्ही मित्राला फोनवर जसं बोलता तसं गाणं लिहा.

6. 15 फेऱ्यांचा आराखडा

सुरुवातीला नुसत्या गिटारचा एक फेरा, मग मुखडा दोन, अंतरा तीन (दोन फेरे शब्द, एक फेरा वाद्य किंवा गुणगुणणं), मुखडा दोन, दुसरा अंतरा तीन, मुखडा दोन, शेवट दोन. झाले 15. दुसऱ्या अंतऱ्यात पहिल्याचीच चाल घ्या, पण कथा एक पाऊल पुढे न्या. पहिल्यात माणूस खिडकीतून आत बघतोय, तर दुसऱ्यात त्याने कुंडी उचलावी. मग शेवटच्या मुखड्याला तेच शब्द वेगळे ऐकू येतात. त्याच त्या कॉर्ड्सचं चक्र कंटाळवाणं होतं ते बहुतेक वेळा कथा जागेवर थांबल्यामुळे.

वाजवण्यात चढउतार हवा. दोनच युक्त्या सांगतो, त्या पुरतात. दुसऱ्या अंतऱ्याच्या शेवटच्या सीवर वाजवणं पूर्ण थांबवा, आठ मात्रा शांतता, आणि मुखडा नुसत्या गळ्याने उचला. गिटार दुसऱ्या ओळीला येऊ दे. दुसरी: शेवट जीवर करू नका. तीनही मुखडे ऐकून झालेल्या कानाला जीची सवय झालेली असते, म्हणून शेवटचा फेरा सीवरच सोडला की गाणं उघडं राहतं. सुखान्त हवा असेल तर अर्थातच जी.

पट्टीचं आता बघा, आधी नाही. मुखड्यातला सगळ्यांत वरचा स्वर आरामात लागतोय का? नसेल तर कॅपो (फ्रेटवर सगळ्या तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा). जीचेच आकार धरून कॅपो पहिल्या फ्रेटवर लावला तर सा काळी चारचा होतो, तिसऱ्या फ्रेटवर लावला तर काळी पाचचा. बऱ्याच मुलींना या पट्ट्या सोयीच्या पडतात. खाली जायचं असेल तर कॅपो कामाचा नाही, कॉर्ड्स डी, ए, बी मायनर, जी अशा बदलाव्या लागतील. बी मायनरला बार येतो, त्याची तयारी ठेवा.

7. चोरी आणि मालकी

‘हा क्रम तर हजार गाण्यांत आहे, लोक चोरी म्हणतील’ ही भीती सोडा. कॉर्ड्सचा असा सामान्य क्रम कोणाच्या मालकीचा नसतो. 2023च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमधल्या ज्यूरीने गायक एड शीरनला अशाच, प्रामुख्याने कॉर्ड्सच्या साम्यावर उभ्या असलेल्या दाव्यातून मोकळं केलं. चाल आणि शब्द मात्र जपून. गुणगुणताना एखादी ओळ फारच सहज आली तर ती दोघातिघांना ऐकवा आणि ‘ही कुठे ऐकली आहे का?’ एवढंच विचारा.

भारतात 1957चा कॉपीराइट कायदा संगीत आणि शब्द वेगवेगळे धरतो: चाल ही संगीत कृती, गीत ही साहित्य कृती. म्हणजे शब्द मैत्रिणीचे आणि चाल तुमची असेल तर गाण्यावर दोघांचा वेगवेगळा हक्क आहे. फोनवरची सगळी कच्ची रेकॉर्डिंग्ज तारखेसकट ठेवा, पुसू नका. आणि कोणी काय केलं, नाव कसं द्यायचं, पैसे आलेच तर कसे वाटायचे, हे गाणं पूर्ण झालं त्याच दिवशी एकमेकांना मेसेजवर लिहून पाठवा. गाणं चाललं की ही बोलणी अवघड होतात.